तान्ह्या बाळाचा ताप उतरत नाही? कावासाकी आजाराची लक्षणं ओळखा

चार-पाच महिन्यांच्या बाळाला ताप आला की घरात नानी-दादी म्हणतात, दात येत असतील, नजर लागली असेल. दुआ जरूर करावी. पण औषध देऊनही ताप पाच दिवस टिकला तर कावासाकी आजाराचा विचार व्हायला हवा. हा आजार पालकांना फारसा माहीत नसतो, म्हणून आम्ही तो इथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

आजार काय आहे?
जपानचे बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये याची पहिली सविस्तर नोंद केली. यात शरीरातल्या रक्तवाहिन्यांना सूज येते. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. एका मुलाकडून दुसऱ्याला तो लागत नाही. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे असतात. मोठा धोका हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना असतो. त्या फुगतात आणि आत गुठळी होऊ शकते.

नेहमीची लक्षणं
पाच दिवस किंवा जास्त ताप, आणि सोबत:
- दोन्ही डोळे लाल, पण चिपडं नाहीत
- ओठ लाल, फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी
- अंगावर पुरळ
- हातापायांना सूज, लाली. नंतर बोटांच्या टोकांची साल निघते
- मानेत गाठ

तान्ह्या बाळात अडचण कुठे?
सहा महिन्यांखालच्या बाळात ही सगळी लक्षणं बहुधा दिसत नाहीत. कधी नुसता ताप आणि सतत किरकिर. लघवीच्या तपासणीत पांढऱ्या पेशी दिसतात, त्यामुळे लघवीचा संसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होतं, पण ताप हटत नाही. आणि हृदयाच्या वाहिन्यांना धोका याच वयात जास्त असतो.

एक खूण घरीच पाहता येते. दंडावर बीसीजी लस दिलेली जागा अचानक लाल होऊन सुजली तर डॉक्टरांना दाखवा. एखादं लक्षण येऊन जातं, म्हणून तारीख लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा.

सहा महिन्यांखालच्या बाळाचा ताप कारण न सापडता सात दिवस राहिला, तर बाकी लक्षणं नसली तरी रक्ततपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, याबद्दल डॉक्टरांना विचारा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश ताप आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उपचार
दात्यांच्या रक्तातून तयार केलेलं इम्युनोग्लोब्युलिन सलाइनमधून देतात, सोबत अ‍ॅस्पिरिन. हे तापाच्या पहिल्या दहा दिवसांत मिळणं महत्त्वाचं. उपचार न मिळालेल्या सुमारे २५ टक्के मुलांत हृदयाच्या वाहिन्या फुगतात. वेळेवर मिळाल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं. उशीर झाला तरी जायचं टाळू नका.

अ‍ॅस्पिरिन घरच्या घरी कधीही देऊ नका. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर-रुबेलाची लस साधारण ११ महिने पुढे ढकलतात, म्हणून लसीकरण कार्डावर नोंद करून घ्या. इको पुन्हा करायला सांगितला असेल तर बाळ खेळायला लागलं तरी चुकवू नका.

खर्चाचं काय?
औषध महाग आहे, मात्रा वजनावर ठरते. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा आणि तिथल्या समाजसेवकांना भेटा. पैशांअभावी दिवस घालवू नका. इथे एकेक दिवस मोलाचा आहे.