हत्यारपेटी (सुतारकाम)

हत्यारपेटी म्हणजे सुतारकामाची हातहत्यारे ठेवण्यासाठी, जपण्यासाठी व गरजेनुसार वाहून नेण्यासाठी तयार केलेली लाकडी पेटी होय. करवत, रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट, सामता, गुण्या, मोगरी व कानस ही हत्यारे तीत ठेवली जातात. विजेवर चालणाऱ्या यंत्रांचा प्रसार झाल्यानंतर रोजच्या कामातून बाजूला पडलेली जुनी हत्यारे सांभाळण्यासाठीही अशी पेटी उपयोगी पडते. चांगल्या हत्यारपेटीकडून तीन अपेक्षा असतात : लोखंड कोरडे राहावे, एका हत्याराची धार दुसऱ्यावर घासू नये आणि कोणतेही हत्यार इतर हत्यारे न उपसता हाती यावे.

इतिहास

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर मॅस्टरमीर येथे १९३६ साली दलदलीच्या जमिनीत नांगरणी करताना ओक लाकडाची एक पेटी सापडली. ती व्हायकिंग काळातील असून तिच्यासोबत दोनशेहून अधिक वस्तू मिळाल्या. सुतारकाम व लोहारकाम या दोन्हींची हत्यारे त्यांत आहेत. पेटीला बिजागऱ्या व कुलूप होते आणि तिच्याभोवती लोखंडी साखळी गुंडाळलेली होती.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची 'मेरी रोझ' ही युद्धनौका १५४५ साली पोर्ट्स्मथजवळ बुडाली. तिचा सांगाडा १९८२ साली वर काढण्यात आला. जहाजावरील सुतारांच्या खोलीत हत्यारांच्या पेट्या आढळल्या. समुद्रतळाच्या गाळात रंध्यांची लाकडी अंगे व हत्यारांच्या मुठी टिकल्या. त्यांची लोखंडी पाती मात्र बहुतांशी गंजून नाहीशी झाली होती. मॅस्टरमीरच्या दलदलीत लोखंड टिकले व मेरी रोझवर लाकूड टिकले, यावरून हत्याराचे आयुष्य त्याच्या भोवतालच्या ओलाव्यावर, क्षारांवर व हवेवर किती अवलंबून असते हे दिसते.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडमध्ये कारागिराची हत्यारे बहुधा त्याच्या स्वतःच्या मालकीची असत. ती चोरीला जाणे किंवा खराब होणे म्हणजे रोजगार बुडणे. त्यामुळे भक्कम सांध्यांची व कुलपाची मोठी पेटी रूढ झाली. ती बाहेरून साधी, रंग दिलेली असे. आतील खणांना मात्र काही वेळा महोगनीसारखे किमती लाकूड वापरून नक्षीकाम केले जाई. बेंजामिन सीटन याच्यासाठी त्याच्या वडिलांनी १७९६ साली लंडनमध्ये हत्यारांचा संच विकत घेतला व बेंजामिनने पुढील वर्षी त्यासाठी पेटी तयार केली. फारशी न वापरली गेलेली ही हत्यारे पेटीसह रॉचेस्टर येथील गिल्डहॉल संग्रहालयात आहेत. त्या काळातील संपूर्ण संच कसा असे, हे समजण्याचे ते महत्त्वाचे साधन मानले जाते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पियानो व ऑर्गन बनवणाऱ्या हेन्री स्टडली (१८३८–१९२५) याने भिंतीवर टांगायची, पुस्तकासारखी उघडणारी पेटी केली. तीत सुमारे ३०० हत्यारे बसतात. जपानमधील पारंपरिक हत्यारपेटी याउलट अगदी साधी असते. तिला बिजागरी नसते; झाकण आडव्या पट्ट्यांखाली सरकवून पाचर ठोकून बंद करतात. जपानमधील कोबे शहरात सुतारकामाच्या हत्यारांना वाहिलेले ताकेनाका संग्रहालय १९८४ पासून आहे.

लाकडाची निवड

पेटीचे लाकूड पुरते वाळलेले असावे. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही; रुंदीत मात्र ते ओलाव्याने फुगते व कोरड्या हवेत आकसते. ओल्या फळीची पेटी काही महिन्यांत वाकते, सांधे उघडतात व झाकण अडकते. साग तुलनेने कमी आकसतो व वाळवीला सहसा दाद देत नाही. शिवण हलके व स्थिर असल्यामुळे आतील खणांसाठी सोयीचे ठरते.

लाकडातून बाहेर पडणाऱ्या आम्लयुक्त वाफाही विचारात घ्याव्या लागतात. ओकमधून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते व बंद जागेत ती धातूला खाते. म्हणून संग्रहालये धातूच्या वस्तू ओकच्या कपाटात ठेवण्याचे टाळतात. लाकडाच्या भुशापासून केलेल्या दाबीव फळ्यांतील चिकट द्रव्यामुळेही असाच परिणाम होऊ शकतो. नवी पेटी काही आठवडे उघडी ठेवून मग तीत हत्यारे ठेवणे हितकारक असते.

मोजमाप

पेटीची लांबी सर्वांत लांब हत्यारावरून ठरते. २६ इंची (सुमारे ६६ सेंमी) पात्याची हातकरवत मुठीसह सुमारे ७५ सेंमी भरते. तिच्यासाठी आतील लांबी किमान ८० सेंमी लागते. रुंदी ४५ सेंमी व उंची ४० सेंमी ठेवल्यास तळाशी रंधे व करवती आणि वर तीन उथळ खण बसतात. फळीची जाडी २० मिमी पुरेशी होते. हत्यारे आधी जमिनीवर मांडून, त्यांच्यात बोटे घालण्याइतके अंतर सोडून मोजमाप घेतल्यास नंतर पेटी अपुरी पडत नाही.

बांधणी

चार बाजूंच्या फळ्या कोपऱ्यांवर डव्हटेल सांध्याने जोडतात. या सांध्यात एका फळीच्या टोकाला पंख्यासारखे पसरट दाते काढून ते दुसऱ्या फळीच्या खाचांत बसवतात. जड हत्यारांचा आतून येणारा दाब या सांध्याला सहसा उघडू शकत नाही. पारंपरिक सरस दमट हवेत मऊ पडतो. म्हणून सांध्याची ताकद डिंकावर न ठेवता त्याच्या घट्ट बसण्यावर ठेवावी लागते.

तळाच्या फळ्या पुढून मागे अशा आडव्या लावतात. त्यामुळे वजन कमी अंतरावर पेलले जाते. शेजारच्या फळ्यांच्या कडा एकमेकींत खाचेने बसवून त्यांच्यात किंचित फट सोडली, तर पावसाळ्यात फुगण्यास जागा मिळते. तळाखाली दोन आडव्या पट्ट्या ठोकतात. पेटी जमिनीपासून वर राहते, खालून हवा खेळते व फरशीची ओल तळाला लागत नाही. झिजल्या की या पट्ट्या बदलता येतात.

झाकणासाठी कुसू व खाच यांच्या सांध्याची चौकट करून मधली फळी चौकटीच्या खोबणीत सैल बसवतात. ती डिंकाने चिकटवल्यास आकसताना तडकते. झाकणाच्या पुढील व दोन्ही बाजूंच्या कडांना खाली उतरणारी पट्टी लावल्याने धूळ आत जात नाही. बाहेरून रंग किंवा तेल देतात. आतून लाखेचे पॉलिश पुरते. जवसाचे तेल बंद पेटीत नीट सुकत नाही व चिकट राहते, म्हणून ते आत वापरत नाहीत.

अंतर्गत रचना

सरकते खण हा मोठ्या पेटीचा सर्वांत उपयुक्त भाग होय. प्रत्येक खणाची रुंदी आतील रुंदीच्या निम्म्याहून किंचित कमी ठेवतात, म्हणजे तो पुढे वा मागे सरकवून खालचे हत्यार घेता येते. खण ज्या पट्ट्यांवर सरकतात त्या खालून वर पायरीप्रमाणे कमी जाडीच्या होत जातात. त्यामुळे सर्वांत खालचा खण लांबीला थोडा आखूड असतो. पट्ट्यांना मेण चोळल्यास खण अडत नाहीत.

करवती तळाशी पुढच्या बाजूला खाचा पाडलेल्या लाकडात उभ्या ठेवतात. रंधे तळाशी मागे, पाते किंचित आत ओढून ठेवतात. पटाश्या भोके पाडलेल्या पट्टीत मूठ वर करून उभ्या राहतात. गुण्या व आखणीची हत्यारे वरच्या खणात स्वतंत्र ठेवतात, कारण गुण्याला धक्का लागून काटकोन बिघडला तर पुढील प्रत्येक माप चुकते.

गंज व निगा

हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर राहिल्यास लोखंड झपाट्याने गंजते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने ती याहून पुष्कळ अधिक असते आणि किनाऱ्यावर हवेतील मिठाची भर पडते. हाताचा घामही क्षारयुक्त असल्यामुळे हत्यार ठेवण्यापूर्वी पुसून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात देतात. पेटीत कापराची वडी ठेवण्याचा प्रघात आहे. सिलिका जेलच्या पुड्या ओलावा शोषतात. मात्र त्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्या लागतात. चामड्याच्या म्यानात हत्यार दीर्घकाळ ठेवू नये, कारण कमावलेल्या चामड्यातील द्रव्ये व त्याने धरलेली ओल यांमुळे पाते गंजते. गोणपाटही ओल धरून ठेवते.

महाराष्ट्रात आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रांची व अवजारांची पूजा करतात. हा दिवस पावसाळा संपण्याच्या सुमारास येतो. पूजेसाठी हत्यारे बाहेर काढून पुसण्याची प्रथा वार्षिक निगेच्या दृष्टीनेही योग्य वेळी पार पडते.

महाराष्ट्रातील संदर्भ

सुतार हा गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव व बैलगाडी तयार करणे व दुरुस्त करणे हे त्याचे मुख्य काम होते व त्याबद्दल त्याला धान्याच्या रूपाने बलुते मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे वर्णन आहे. लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर आल्यावर हे काम घटले आणि अनेक घरांतील हत्यारे माळ्यावर गेली.

हत्यार वापरातून गेले की त्याचे नावही बोलण्यातून जाते. दोरीने फिरवून भोक पाडण्याचा सामता किंवा लाकूड तासण्याचा वाकस ओळखणारी माणसे कमी होत आहेत. त्यामुळे जुनी हत्यारे पेटीत ठेवताना प्रत्येकाचे स्थानिक नाव, उपयोग, गाव व वापरणाऱ्या पिढीची नोंद कागदावर करून ती झाकणाच्या आत लावणे उपयुक्त ठरते. साफ करताना केवळ सैल गंज काढावा; मुठीवर हाताने पडलेली झीज, लोहाराची खूण व दुरुस्तीचे जोड घासून टाकू नयेत. कारागीर हत्यार कसे धरत असे व ते कोठे घडले, हे सांगणारा पुरावा पुष्कळदा याच खुणांत असतो.