पाखरांचे आवाज आणि खांद्यावरचं ओझं

शामा हा आपल्या सह्याद्रीच्या दाट झाडीतला पक्षी. दयाळाचा जवळचा नातेवाईक. काळी चकचकीत पाठ, तांबूस पोट, लांब शेपूट आणि विलक्षण गोड गळा. जगात ज्या पाखराचा आवाज यंत्रात साठवला गेल्याची सर्वांत जुनी नोंद आहे, ते पाखरू नेमकं हेच. मात्र ते सह्याद्रीत गात नव्हतं, तर जर्मनीत पिंजऱ्यात होतं. १८८९ साली लुडविग कॉख नावाच्या आठेक वर्षांच्या मुलानं, वडिलांनी आणून दिलेल्या एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर त्याचं गाणं उतरवून घेतलं. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं.

पिंजऱ्यातलं पाखरू यंत्राजवळ नेता येतं. रानातल्या पाखराच्या बाबतीत मात्र यंत्रालाच त्याच्याकडे जावं लागतं. पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रणाचा पुढचा सारा इतिहास हा या एका अडचणीचा इतिहास आहे. आवाज चांगला हवा तर यंत्र जड, आणि यंत्र हलकं हवं तर आवाजात खोट! कोणत्या काळात काय उचलून नेता येत होतं, यावर कोणत्या पक्ष्यांचे आवाज आपल्यापर्यंत पोचले, हे बऱ्याच अंशी ठरलं.

१९२९ साली अमेरिकेतल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर ॲलन आणि पीटर पॉल केलॉग यांनी एका उद्यानातल्या पक्ष्यांचे आवाज टिपले. त्यांच्याकडे होतं ते बोलपटाचं यंत्र. त्या काळी बोलपट नुकताच बोलू लागला होता. ध्वनीच्या लहरींचं प्रकाशात रूपांतर करून ते फिल्मच्या कडेवर उमटवायचं, अशी ती पद्धत. आवाज उत्तम येई. पण सगळं सामान वाहून न्यायला ट्रक लागे. म्हणजे जिथवर रस्ता तिथवरचेच पक्षी.

सहा वर्षांनी या मंडळींनी रस्ता सोडला. हस्तिदंती चोचीचा सुतार हा अमेरिकेतला एक मोठा, देखणा पक्षी. जुन्या जंगलांवर कुऱ्हाड चालली तसा तो झपाट्यानं कमी होत गेला. लुईझियाना राज्यातल्या ‘सिंगर ट्रॅक्ट’ या जंगलात काही जोड्या शिल्लक आहेत असं कळल्यावर १९३५च्या वसंत ऋतूत ॲलन, केलॉग आणि त्यांचे सहकारी तिथं पोचले. दलदलीत ट्रक पुढं जाईना. तेव्हा सगळी यंत्रसामग्री त्यांनी खेचरांच्या गाडीवर चढवली आणि चिखलातून वाट काढत घरट्याजवळ मुक्काम ठोकला. पत्र्याच्या पिपाणीसारखी ती हाक त्यांनी फिल्मवर उतरवली.

पुढं ते जंगल लाकडासाठी तोडलं गेलं. सर्वमान्य असं या पक्ष्याचं शेवटचं दर्शन १९४४ सालचं. त्यानंतर कितीतरी जणांनी तो दिसल्याचे दावे केले, पण त्याच्या आवाजाचा निर्विवाद पुरावा एकच, तो १९३५चा. २००४-०५ मध्ये अर्कान्सासच्या दलदलीत त्याचा पुन्हा शोध सुरू झाला. तेव्हा झाडांवर आपोआप चालणारे ध्वनिमुद्रक बांधण्यात आले आणि त्यांनी टिपलेले आवाज संगणकानं ताडून पाहिले ते याच जुन्या ध्वनिमुद्रणाशी. खेचरांनी त्या दिवसांत ओढलेलं ओझं सत्तर वर्षांनीही उपयोगी पडलं, असंच म्हणायला हवं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली आणि ओझं खांद्यावर पेलण्याइतकं झालं. स्टेफान कुडेल्स्की हा मूळचा पोलंडचा, स्वित्झर्लंडमध्ये वाढलेला तरुण. त्यानं १९५१ साली ‘नाग्रा’ नावाचा टेपरेकॉर्डर तयार केला. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थच ‘ध्वनिमुद्रण करील’ असा. पहिल्या नाग्राची मोटर घड्याळासारखी चावी देऊन फिरवावी लागे. १९५८च्या सुमारास आलेला ट्रान्झिस्टरचा ‘नाग्रा तीन’ सेलवर चाले, आणि स्टुडिओच्या तोडीचा आवाज देई. सिनेमावाल्यांनी आणि रेडिओवाल्यांनी तो उचलून धरला, तसा पक्षीवाल्यांनीही.

पण एवढ्यानं प्रश्न मिटला नव्हता. फीत जितकी वेगानं पळवावी तितका आवाज स्वच्छ; पण तितकी ती लवकर संपते. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगानं पाच इंची रीळ आठ-दहा मिनिटांत रिकामं होई. ज्या पाखरासाठी पहाटेपासून बसून राहावं, ते नेमकं रीळ बदलताना गायचं! त्यामुळं निम्म्या वेगावर भागवायचं की रिळांचं गाठोडं सोबत न्यायचं, हा हिशेब प्रत्येकाला करावा लागे. पुढं कॅसेट आली. फीत अरुंद, वेग जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर, आणि मागं सतत बारीक खरखर. तरीही चांगला कॅसेट रेकॉर्डर दोन किलोंच्या आतबाहेर मिळू लागला, आणि ज्यांना दिवस दिवस पायी हिंडायचं होतं त्यांनी ती खरखर पत्करली. टेड पार्कर या अमेरिकन अभ्यासकानं दक्षिण अमेरिकेच्या जंगलांतून दहा हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणं गोळा केली. १९९३ साली इक्वेडोरमध्ये जंगलाची पाहणी करताना विमान कोसळून त्याचा अंत झाला. पण कॉर्नेलच्या संग्रहात ते आवाज आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळतं. रानपिंगळा हे छोटं घुबड. खानदेशात १८८४ साली मिळालेल्या नमुन्यानंतर ते जणू नाहीसंच झालं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ ते पुन्हा सापडलं, म्हणजे तब्बल ११३ वर्षांनी! आता हा पक्षी आणखी कुठं आहे हे शोधायचं कसं? डोळ्यांनी शोधावं तर साधा पिंगळा त्याच्यासारखाच दिसतो. रानपिंगळ्याच्या आवाजाचं शास्त्रशुद्ध वर्णन तोवर झालेलंच नव्हतं. रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी त्याचे आवाज टिपून १९९९ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. नेमकी हाक ठाऊक झाल्यामुळं सातपुड्यात, मेळघाटात तो कानांनी ओळखणं शक्य झालं.

मग आज यंत्र निवडायचं कसं? १९९२ साली आलेली मिनीडिस्क हलकी आणि स्वस्त होती. पण माणसाच्या कानाला जाणवणार नाही असा भाग ती गाळून टाकायची. पाखराच्या कानाचा विचार तिनं केलेला नव्हता. म्हणून आज मेमरी कार्डावर ध्वनिमुद्रण करताना एमपीथ्रीऐवजी ‘वेव्ह’ स्वरूपात साठवावं, काहीही गाळलं जात नाही. बहुतेक पक्ष्यांचे आवाज १ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान असतात, आणि साधा डिजिटल रेकॉर्डरही २० किलोहर्ट्झपर्यंत टिपतो. तेव्हा मोठमोठ्या आकड्यांना भुलू नये. पाहायचं ते हे, की यंत्राची स्वतःची खरखर किती आहे. गाणं जितकं दूरचं, तितकी ती जास्त खुपते.

मायक्रोफोनही पक्षी पाहून निवडावा. अंतर्गोल तबकडी दूरचा आवाज गोळा करून देते, पण ध्वनिलहर तबकडीहून लांब असली की तिचा फारसा उपयोग होत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे ३४० हर्ट्झच्या खर्जातल्या घुत्काराची लहर एक मीटर लांब. अर्ध्या मीटरची तबकडी शिंजिराला छान, मोठ्या घुबडाला नाही. तिथं लांब नळीसारखा मायक्रोफोन बरा. वाऱ्यासाठी त्याला केसाळ टोपडं मात्र हवंच.

आता तर झाडाला बांधून ठेवायचे, तळहातावर मावणारे ध्वनिमुद्रक मिळतात, आणि फोनवरही काम भागतं. ओझ्याची अडचण जवळजवळ संपली आहे. उरली आहे ती दुसरीच. टिपलेला आवाज पाखराला पुन्हा पुन्हा ऐकवणं फार सोपं झालंय. विणीच्या काळात समोर शत्रू आला असं समजून ते घरटं सोडून धावत येतं. हा मोह आवरलाच पाहिजे.

आणि आणखी एक. गाणं संपलं की यंत्र लगेच बंद करू नका. पक्ष्याचं नाव, गाव, तारीख, वेळ, आणि पक्षी दिसला की नुसताच ऐकला, एवढं आपल्याच आवाजात बोलून ठेवा. जुन्या संग्रहांत पाखराच्या पाठोपाठ माणसाचा आवाज ऐकू येतो तो यासाठीच. तेवढ्या चार वाक्यांवाचून उत्तम यंत्रावर टिपलेलं गाणंही अभ्यासकाच्या फारसं कामाचं नसतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)