जागल्या ते कॅमेरा : वऱ्हाडातील ग्रामरक्षणाची परंपरा आणि तारेवरील घरगुती राखण
(गुरुकुंज मोझरीच्या वैचारिक वारशाच्या संदर्भात)

प्रस्तावना

गाव झोपले की कोणीतरी जागे राहावे लागते. ही गरज गावगाड्याइतकीच जुनी आहे. मात्र जागे कोणी राहायचे, जागणाऱ्याचे पोषण कोणी करायचे आणि त्याने पाहिलेले कोणाला सांगायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली. वऱ्हाडात ही उत्तरे जागल्या, कोतवाल, पोलीस पाटील व ग्रामरक्षक दल अशा टप्प्यांनी बदललेली दिसतात. अलीकडच्या काळात घराच्या दारावर, गोठ्यावर आणि दुकानाच्या छपरावर बसविलेला कॅमेरा हा या क्रमातील सर्वांत नवा राखणदार होय.

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात, नागपूर–अमरावती महामार्गावर वसलेले गुरुकुंज मोझरी हे स्थान या विचारासाठी विशेष महत्त्वाचे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) १९३५ मध्ये येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. त्यांच्या ‘ग्रामगीता’ या ग्रंथात ग्रामरक्षणास स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. घरगुती कॅमेऱ्याची तारेवरील जोडणी हा वरकरणी केवळ तांत्रिक विषय या परंपरेच्या प्रकाशात पाहिला असता त्याचे सामाजिक अंग स्पष्ट होते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) वऱ्हाडातील ग्रामरक्षणाच्या पारंपरिक व्यवस्थेचे स्वरूप पाहणे.
२) एकाच तारेतून वीज व संदेश नेण्याच्या तंत्राचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
३) घरगुती कॅमेऱ्याच्या जोडणीतून निर्माण होणाऱ्या जबाबदारीच्या प्रश्नांचा परामर्श घेणे.

जागल्या : पोषण आणि पहारा

पारंपरिक गावगाड्यात राखणदारीचे काम वतनाशी व बलुत्याशी जोडलेले होते. रात्रीची गस्त घालणे, गावच्या सीमा ठाऊक असणे, चोराचा माग काढणे, परगावच्या माणसाची वर्दी पाटलाला देणे, सरकारी टपाल व खजिना पोहोचविणे ही कामे राखणदाराकडे असत. वऱ्हाडात जागल्या हा शब्द या कामाचीच साक्ष देतो. हे काम बहुतांश गावांत महार समाजाकडे होते. मोबदल्यात खळ्यावरील धान्याचा वाटा आणि काही ठिकाणी वतनाची जमीन मिळे. ज्याच्या जागण्यावर गाव निर्धास्त झोपे, त्याची वस्ती मात्र गावकुसाबाहेर होती. हा विरोधाभास या व्यवस्थेच्या मुळाशी होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतनदार महार अहोरात्र कामाला बांधलेला असतो आणि त्याचा मोबदला मात्र तुटपुंजा व अनिश्चित असतो, हा त्यामागील मुख्य आक्षेप होता. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांतास जोडलेले असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता. परंतु बलुत्यावर जगणाऱ्या राखणदाराची स्थिती येथेही निराळी नव्हती. पाहण्याचे काम एकावर लादायचे आणि त्याच्या पोषणाची हमी कोणीच घ्यायची नाही, हा या व्यवस्थेचा मूळ दोष होता.

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले, १९०२ मध्ये निजामाकडून कायम पट्ट्याने घेतले गेले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडले गेले. या काळात गावच्या राखणदारीला नोंदीची जोड मिळाली. जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेली कोतवाल पंजी हे त्याचे ठळक उदाहरण होय. विदर्भातील अनेक कुटुंबांना आज जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या नावाची कोतवाल पंजीतील नक्कल शोधावी लागते. ज्या कारणासाठी नोंद केली गेली, त्याहून वेगळ्याच कारणासाठी ती अनेक दशकांनी उपयोगी पडते. नोंदीचे आयुष्य नोंद करणाऱ्याच्या हेतूपेक्षा मोठे असते, हे यावरून दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातील मुलकी पाटलांचे पद रद्द झाले. पुढे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटलाचे पद नेमणुकीचे झाले. वंशाने आलेली राखणदारी अशा रीतीने कायद्याने नेमलेल्या पदाकडे गेली.

ग्रामगीतेतील ग्रामरक्षणाचा विचार

१९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आहेत. संघटन, शुद्धी, आरोग्य, श्रम, शिक्षण या विषयांबरोबरच ग्रामरक्षणाचाही विचार तीत येतो. रक्षण ही कोणा एका जातीची चाकरी अथवा केवळ सरकारचे काम न मानता ती साऱ्या गावाची सेवा मानावी, अशी या विचाराची दिशा आहे. जागल्याच्या परंपरेशी तुलना केल्यास यातील बदल मूलगामी ठरतो. जे काम गावकुसाबाहेरच्या माणसावर लादलेले होते, ते गावातील प्रत्येकाचे कर्तव्य ठरले. व्यायाम, शिस्त व सामुदायिक प्रार्थना यांवर श्रीगुरुदेव सेवा मंडळाने दिलेला भर या संदर्भातही पाहता येतो.

या विचाराला अनुभवाचीही एक बाजू होती. ऑगस्ट १९४२ मध्ये तुकडोजी महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगात ठेवण्यात आले. ज्यांनी पुढे गावाला स्वतःचे रक्षण शिकविले, त्यांनी सत्तेची पाळतही सोसली होती. राखणीसाठी ठेवलेली नजर आणि पाळतीसाठी ठेवलेली नजर यांत साधनाचा फरक नसतो. फरक असतो तो नजर कोणाला उत्तरदायी आहे याचा.

तारेचा इतिहास : वीज आणि वार्ता

योगायोग असा की, त्याच १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ या अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी तारेने जोडलेली दूरचित्र यंत्रणा वापरण्यात आली. बंद वर्तुळातील कॅमेऱ्याचा हा आरंभीचा नमुना मानला जातो. पाहणारा धोक्यापासून दूर आणि डोळा मात्र धोक्याजवळ, हे त्याचे तत्त्व आजही कायम आहे.

तथापि कॅमेऱ्याला पोसायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर टेलिफोनच्या इतिहासात सापडते. सुरुवातीच्या टेलिफोनमध्ये प्रत्येक घरी स्वतंत्र बॅटरी ठेवावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंद्रात एकच मोठी बॅटरी ठेवून बोलण्याच्याच तारांतून वीज पुरविण्याची पद्धत आली. पुढे त्यासाठी ४८ व्होल्टचा दाब रूढ झाला. गावातील वीज गेली तरी लँडलाइन चालू असे, ते याच कारणाने. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी वातानुकूलनाविना चालणारी छोटी स्वयंचलित केंद्रे तयार केली. त्यानंतर भारतातील असंख्य गावांनी हा अनुभव घेतला.

संगणकांना जोडणारी इथरनेट ही पद्धत १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत आकाराला आली. १९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस या कंपनीने संगणकीय जाळ्याला थेट जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. त्या तारेतून चित्र जाई, वीज मात्र स्वतंत्र द्यावी लागे. २००३ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.३एएफ हे प्रमाणक मान्य केले आणि टेलिफोनचे जुने तत्त्व संगणकाच्या तारेवर अवतरले. पॉवर ओव्हर इथरनेट, अर्थात पीओई, ते हेच. या प्रमाणकानुसार स्विचच्या एका पोर्टमधून १५.४ वॉटपर्यंत वीज देता येते आणि तारेतील घट वजा जाता उपकरणास १२.९५ वॉटची खात्री मिळते. २००९ च्या सुधारणेने ही मर्यादा पोर्टपाशी ३० वॉटपर्यंत, तर २०१८ च्या सुधारणेने ९० वॉटपर्यंत वाढली.

घरगुती जोडणीचे स्वरूप

जुन्या पद्धतीत कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत चित्रासाठी कोॲक्सियल केबल आणि विजेसाठी १२ व्होल्टची वेगळी तार ओढली जाई. अंतर वाढले की दाब घटे. रात्री अंधारात पाहण्यासाठी कॅमेऱ्यातील अवरक्त दिवे लागले की विजेची मागणी वाढे आणि लांबवरचा कॅमेरा वारंवार बंद-चालू होई. म्हणजे नेमका राखणीच्या वेळीच राखणदार डुलकी घेई. पीओई पद्धतीत सुमारे ४८ व्होल्टने वीज जात असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी १२ व्होल्टच्या तुलनेत प्रवाह चौथा हिस्सा लागतो. त्यामुळे त्याच तारेतील विजेची हानी सोळाव्या हिश्शावर येते.

या जोडणीत प्रत्येक कॅमेऱ्यापासून एक कॅट फाइव्ह ई किंवा कॅट सिक्स केबल पीओई स्विचपर्यंत अथवा पीओई पोर्ट असलेल्या एनव्हीआरपर्यंत येते. केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी लागते. प्रमाणित स्विच वीज सोडण्यापूर्वी अतिशय कमी दाबाने चाचणी घेतो. समोरच्या उपकरणात सुमारे २५ किलोओहमचा ओळखीचा रोध आढळला तरच तो पूर्ण दाब देतो. ओळख पटल्याशिवाय गावात प्रवेश नाही, या जुन्या रिवाजाचीच ही यांत्रिक आवृत्ती म्हणता येईल. बाजारातील काही स्वस्त साधने मात्र ही ओळख न विचारता सरळ वीज सोडतात. त्यांना चुकीचे उपकरण जोडल्यास ते जळू शकते. तसेच तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असली तरी तिचा रोध अधिक असतो. ती तापते आणि लांबवर दाब टिकवत नाही. त्यामुळे शुद्ध तांब्याची केबल हीच या कामी योग्य ठरते. उघड्यावरून नेलेल्या केबलला वीज पडण्याचा धोका असल्याने योग्य अर्थिंग व सर्ज संरक्षकही आवश्यक असतो.

वऱ्हाडातील विजेचा प्रश्न

एका तारेने पोषण व संदेश दोन्ही नेण्यात सोय आहे, तसा धोकाही आहे. साऱ्या कॅमेऱ्यांचे पोषण एका स्विचवर अवलंबून राहते. स्विच बंद पडला की सर्व डोळे एकदम मिटतात. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली. त्या सुमाराच्या दीर्घ भारनियमनाची आठवण वऱ्हाडातील ग्रामीण भागात अजून ताजी आहे. भारनियमनाची तीव्रता पुढे ओसरली, तरी वादळवाऱ्यात व पावसाळ्यात वीज खंडित होणे थांबलेले नाही.

पीओईचा खरा लाभ येथे दिसतो. प्रत्येक कॅमेऱ्यापाशी बॅटरी ठेवण्याऐवजी स्विच व एनव्हीआर यांनाच इन्व्हर्टरची जोड दिली की सर्व यंत्रणा जागी राहते. उदाहरणादाखल, प्रत्येकी ७ वॉटचे चार कॅमेरे, १५ वॉटचा एनव्हीआर व १२ वॉटचे राउटर आणि स्विच धरल्यास एकूण भार ५५ वॉट होतो. घरगुती इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत १,८०० वॉट-अवर इतकी वीज असते. तिचा ६० टक्के उपयोग गृहीत धरला तरी ही यंत्रणा १८ तासांहून अधिक काळ चालू शकते. मात्र त्याच इन्व्हर्टरवर पंखे, दिवे व दूरचित्रवाणी संच असल्यास हा हिशेब कोलमडतो. जागल्याच्या वाट्याचे धान्य घरातच खर्ची पडावे, तसा हा प्रकार होय.

नोंद, पुरावा आणि शेजार

कॅमेऱ्याची नोंद कोतवाल पंजीसारखी दीर्घजीवी नसते. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने नोंद करीत असेल, तर चार कॅमेऱ्यांची एका दिवसाची नोंद सुमारे ८६ गिगाबाइट भरते आणि १ टेराबाइटची डिस्क साधारण ११ दिवसांत पुन्हा आरंभापासून लिहिली जाते. घटनेनंतर वेळेत नोंद काढून ठेवली नाही, तर ती पुसली जाते.

काढलेल्या नोंदीचे पुरावामूल्यही आपोआप ठरत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या वादात नामनिर्देशनपत्र दाखल करण्याच्या वेळेचा प्रश्न चित्रीकरणावर येऊन ठेपला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला की, मूळ उपकरण न्यायालयापुढे नसेल तेव्हा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम ६३ द्वारे प्रमाणपत्राची तरतूद कायम आहे.

याहून नाजूक प्रश्न शेजाराचा आहे. वऱ्हाडातील घरांची अंगणे, ओसऱ्या व सांदवाड्या एकमेकींना लागून असतात. आपल्या दाराकडे रोखलेल्या कॅमेऱ्यात शेजारच्या सांदवाडीतील धुणीभांडी व न्हाणीकडे जाणारी वाटही येऊ शकते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणास मूलभूत हक्काचे स्थान दिले. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या निव्वळ घरगुती उपयोगास वगळले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे संमतीविना चित्रण करणे हा गुन्हा आहे. मात्र रोजच्या वावराचे चित्रण त्यात येत नाही. कायद्याच्या या दोन टोकांमधील मोठी जागा शेजारधर्मानेच भरून काढावी लागते.

निष्कर्ष

१) वऱ्हाडातील ग्रामरक्षणाच्या प्रत्येक टप्प्यात पाहणाऱ्याचे पोषण आणि त्याच्या वर्दीचा मार्ग हे दोन प्रश्न एकत्र गुंफलेले आढळतात.
२) पीओई हे तंत्र टेलिफोनच्या केंद्रीय बॅटरीचे वारस असून, पोषण व संदेश एका तारेत आणल्याने देखभाल सोपी होते, परंतु केंद्रबिंदू निकामी झाल्यास संपूर्ण राखण थांबते.
३) तांब्याची केबल, प्रमाणित स्विच, अर्थिंग व स्वतंत्र बॅटरी यांशिवाय कॅमेरा हा केवळ देखावा ठरतो.
४) कॅमेऱ्याची दिशा, नोंदीचा कालावधी व ती पाहण्याचा अधिकार यांविषयी शेजाऱ्यांशी समजूत असणे हे ग्रामरक्षणाच्या सामुदायिक विचाराशी सुसंगत आहे.

समारोप

जागल्याचे जागणे जातीने लादलेले होते. ग्रामगीतेने ते सर्वांचे कर्तव्य मानले. कॅमेऱ्याने मानवी राखणदाराची गरज कमी केली, हे स्वागतार्ह आहे. कोणा एका समाजावर रात्र जागण्याची सक्ती आता उरलेली नाही. परंतु त्याबरोबरच राखण गावाकडून घराकडे, म्हणजे ज्याला कॅमेरा परवडतो त्याच्याकडे सरकली आहे. यंत्र पाहते, पण हाकेला धावून जात नाही. चित्रात चोर दिसल्यावर दार उघडून बाहेर येणारा शेजारी लागतोच. ज्या शेजाऱ्याच्या सांदवाडीकडे आपण कॅमेरा रोखला, तो त्या रात्री दार उघडेल काय, हा प्रश्न कोणत्याही स्विचला सोडविता येणारा नाही. गुरुकुंजाच्या भूमीतून मांडला गेलेला सामुदायिक रक्षणाचा विचार या ठिकाणी आजही मार्गदर्शक ठरतो.