पुराच्या रजिस्टरात नसलेलं

कृष्णेच्या पुराचा इतिहास सांगलीच्या आयर्विन पुलावर फुटांत मोजतात. धोक्याची पातळी 45. ऑगस्ट 2019ला पाणी 57च्या वर गेलं. 8 तारखेला ब्रह्मनाळला नाव उलटली, माणसं बुडाली. ते छापून आलं, यायलाच पाहिजे. पण पाणी उतरल्यावरचा इतिहास?

तो माझ्या मावशीच्या रजिस्टरात हाय. बौद्धवाड्यातली बाई, नदीकाठच्या उपकेंद्रावर नर्स. 2005च्या पुरात दिवस भरलेल्या बायांची यादी प्लॅस्टिकात गुंडाळून तिनं आधी त्यांना हलवलं. मग चिखल तुडवत विहिरीमागून विहीर. एरवी हे पंचायतीच्या शिपायाचं काम. त्याचंच घर पाण्यात. टीसीएल कालवून सोडायचं, तासभर थांबायचं, ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग बघायचा. नाही आला तर पुन्हा टीसीएल. पटकी, कावीळ तिथंच अडवायची.

गावविहिरीवर एक म्हातारा आडवा आला. "बाई, तू हात लावू नगं. पावडर आमच्याकडं दे."

"आन् हगवण लागली म्हंजे सलाईन कुणाच्या हातनं घेणार, आबा?"

पावडर तिनंच टाकली. रजिस्टरात विहीर, तारीख, वेळ, रंग पिवळा. म्हाताऱ्याच्या बोलण्याला रकाना नव्हता, म्हणून मी इथं लिहितोय.