इटालियनमध्ये ओळख : ‘चाओ, मी क्यामो...’

नगर जिल्ह्यातील निमजचे जवान नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठी गाजविलेल्या शौर्याबद्दल ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला. युद्धातून घडलेली ही ओळख आज शब्दांनीही करून घेता येते आणि मराठी माणसाला ते शब्द अवघड नाहीत.

समवयस्काला भेटताच ‘चाओ’ म्हणावे. ‘मी क्यामो सुनीता’ म्हणजे ‘माझे नाव सुनीता’; येथील ‘मी’चा अर्थ ‘स्वतःला’ असा आहे. ‘सोनो दी अहिल्यानगर’ (मी अहिल्यानगरची) हे वाक्य स्त्री-पुरुष दोघांनाही चालते. भारतीय असल्याचे सांगताना मात्र पुरुषाने ‘सोनो इंदियानो’, तर स्त्रीने ‘सोनो इंदियाना’ म्हणावे. मग विचारावे, ‘ए तू?’ म्हणजे ‘आणि तू?’ उत्तर मिळाल्यावर ‘प्याचेरे’, अर्थात ‘भेटून आनंद झाला’.

अनोळखी वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘चाओ’ आणि ‘तू’ दोन्ही टाळावेत. तेथे ‘बुऑन जोर्नो’ व ‘ए लेई?’ (आणि आपण?) शोभते. कोणाला ‘तू’ म्हणावे व कोणाला ‘आपण’, हा विवेक मराठी घरात लहानपणीच शिकविला जातो. इटालियन शिकताना तोच उपयोगी पडतो.