शेवटचे यंत्रकाम रस्त्यावर: इंजिनाच्या ‘रनिंग-इन’चा इतिहास

नव्या मोटारीचे इंजिन पहिले काही हजार किलोमीटर ठरावीक मर्यादेत, ताण न देता चालवण्याच्या प्रथेला ब्रिटनमध्ये आणि भारतात ‘रनिंग-इन’ म्हणतात. ही प्रथा चालकाच्या सावधगिरीचा भाग आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी तिच्या इतिहासाकडे पाहता ती मुळात कारखान्याच्याच कामाचा एक टप्पा होती असे दिसते. सिलिंडर, पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंगे यांना यंत्रशाळेत जेवढी सफाई देता येत असे, तेवढी देऊन कारखाना थांबत असे. उरलेली सफाई ते भाग रस्त्यावर एकमेकांवर घासूनच येत असे, आणि हे शिल्लक यंत्रकाम मालकाने धीराने पार पाडावे अशी कारखानदाराची अपेक्षा असे.

यामागील कारण धातूच्या पृष्ठभागात आहे. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या धातूवर प्रत्यक्षात असंख्य उंचवटे आणि खाचा असतात, आणि त्यांची उंची मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजावी लागते. नव्या इंजिनात हे उंचवटे तेलाच्या पातळ थरातून वर येऊन समोरच्या पृष्ठभागाला भिडतात, तेथे उष्णता एकवटते, आणि भार फार असेल तर धातू धातूला चिकटून ओरखडे पडतात. जर्मन अभियंता रिखर्ड श्ट्रिबेक यांनी १९०२ मध्ये बर्लिनजवळील प्रयोगांतून बेअरिंगमधील घर्षण वेग, भार आणि तेलाचा दाटपणा यांनुसार कसे बदलते हे दाखवले, आणि त्यामुळे पृष्ठभाग केव्हा एकमेकांना टेकतात व केव्हा तेलावर तरंगतात हे समजण्याचा पाया घातला गेला. रनिंग-इनमध्ये उंचवट्यांची टोके हळूहळू झिजून जातात, भार अधिक क्षेत्रावर पसरतो, आणि पूर्वी अपुरा पडणारा तेलाचा थर पुरेसा ठरतो.

आरंभीच्या मोटारींत ही काळजी प्रामुख्याने बेअरिंगांची होती. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा जो मऊ मिश्रधातू पुढे आणला, तोच वितळवून इंजिनाच्या बेअरिंगांत ओतला जाई. कारागीर क्रँकशाफ्टला निळ्या रंगाचा पातळ लेप देऊन तो बेअरिंगमध्ये बसवून फिरवी, पुन्हा बाहेर काढी, आणि मऊ धातूवर जेथे निळे ठिपके उमटले असतील तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडी. ठिपके सर्वत्र सारखे उमटेपर्यंत हे काम चाले. इतके करूनही नवे इंजिन हाताने फिरवता येणार नाही इतके घट्ट असे. फोर्डच्या कारखान्यात मॉडेल टीची इंजिने बाहेरच्या शक्तीने फिरवून बेअरिंगे बसवली जात, तर रोल्स-रॉइसमध्ये इंजिने चाचणीच्या चौथऱ्यावर शहरी पुरवठ्याच्या कोळसा-वायूवर चालवली जात. एकाला हजारोंच्या संख्येने गाड्या काढायच्या होत्या आणि दुसऱ्याला अत्यंत महाग गाडी निर्दोष करून द्यायची होती, पण इंजिन मोकळे करण्याचा खर्च दोघांनाही उचलावा लागला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मधल्या किमतीच्या गाड्यांच्या बाबतीत मात्र हा भार ग्राहकावर आला. दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमध्ये लहान मोटारी सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आल्या, तेव्हा त्यांच्या पुस्तिकांत पहिले ५०० मैल ताशी साधारण ३० मैलांच्या आत राहण्याच्या सूचना येऊ लागल्या. रस्त्यावर रेंगाळणाऱ्या अशा गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी पाटी लावण्याची पद्धत तेथे रूढ झाली आणि ती दुसऱ्या महायुद्धानंतरही बरीच वर्षे टिकली. याच काळात तेलात मिसळण्याची खास द्रव्येही विकली जात, आणि त्यांत ग्राफाइटच्या अतिसूक्ष्म कणांचे द्रव्य प्रसिद्ध होते. त्यामागील संशोधक एडवर्ड अचेसन यांनी १८९१ मध्ये कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, हा अत्यंत कठीण घर्षक पदार्थ तयार करण्याची रीत शोधली होती, आणि तोच पदार्थ अतिशय तापवला असता शुद्ध ग्राफाइट मिळते हेही त्यांच्याच ध्यानात आले होते. इंजिनाच्या इतिहासात या दोन शोधांची गाठ पुन्हा पडते, कारण पुढे सिलिंडर घासण्यासाठी ज्या दगडी पट्ट्या वापरात आल्या, त्यांत सिलिकॉन कार्बाइड हा मुख्य पदार्थ होता.

सिलिंडर अशा पट्ट्यांनी घासण्याच्या क्रियेला होनिंग म्हणतात. १९२० च्या दशकापासून ती मोटार-उद्योगात पसरली, आणि तिच्यामुळे भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघांची जाळी तयार होऊन तिच्यात तेल टिकून राहू लागले. १९३३ मध्ये ॲबट आणि फायरस्टोन या अमेरिकी संशोधकांनी पृष्ठभागाच्या वेगवेगळ्या खोलीवर किती धातू भार घेण्यास उपलब्ध आहे हे दाखवणारा आलेख मांडला, तेव्हा झीज होता होता पृष्ठभाग कसा बदलतो हे आकड्यांत सांगता येऊ लागले. पुढची पायरी या प्रथेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरली. ‘प्लॅटो होनिंग’ या पद्धतीत आधी जाड पट्ट्यांनी खोल रेघा काढल्या जातात आणि मग बारीक पट्ट्यांनी फक्त वरची टोके कापून सपाट केली जातात. म्हणजे कित्येक आठवडे गाडी चालवून मालक जे साधत असे, ते कारखाना गाडी विकण्यापूर्वीच काही मिनिटांत करून ठेवतो.

महाराष्ट्रात ही प्रथा कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाटमुळे आणि आकुर्डीहून निघणाऱ्या बजाजच्या स्कूटरींमुळे घरोघरी पोहोचली. टू-स्ट्रोक स्कूटरीत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे आणि रनिंगच्या काळात त्याचे प्रमाण थोडे वाढवले जाई. येथे गाड्या दीर्घकाळ वापरल्या जात, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या जात, आणि त्यामुळे एकाच गाडीच्या आयुष्यात रनिंगचा काळ पुन्हा पुन्हा येई. ‘इंजिन बसेपर्यंत गाडी ताणू नका’ ही सूचना कारखान्याच्या पुस्तिकेपेक्षा गॅरेजच्या मिस्त्रीकडूनच अधिक वेळा मिळे.

अतिरेकी हळूपणाही घातकच असतो, हे या परंपरेत उशिरा आणि काहीशा अनिच्छेने मान्य झाले. रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीवर फार थोडीच दाबली जाते. तिला खरा दाब ज्वलनाचा वायू तिच्या मागे शिरल्याने मिळतो. इंजिनावर भारच टाकला नाही तर उंचवटे कापले जात नाहीत, तेल भिंतीवर जळून काचेसारखा कडक थर बसतो, आणि इंजिन कायमचे तेल खाऊ लागते. लायकमिंगच्या विमान-इंजिनांसाठी म्हणूनच सुरुवातीच्या उड्डाणांत बऱ्यापैकी उच्च शक्ती राखण्याची आणि साधे खनिज तेल वापरण्याची सूचना असते. मध्यम ते भरपूर भार, पण फेऱ्यांची मर्यादा आणि सतत बदलता वेग, हाच या दोन टोकांमधला सुरक्षित मार्ग आहे.

वेगवान मोटारींच्या निर्मात्यांनी हाच मधला मार्ग स्वीकारला. १९७३ च्या पोर्श ९११ कॅरेरा आरएस २.७ मध्ये ॲल्युमिनियमच्या सिलिंडरांना निकासिल, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे कण धरून ठेवणारा निकेलचा लेप, दिलेला होता. अशा कठीण भिंतीची झीज नगण्य असल्याने जुळवून घेण्याचे बहुतेक काम रिंगांकडे गेले. तरीही अलीकडच्या ९११ साठी पहिल्या ३००० किलोमीटरपर्यंत मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या आत राहण्याची सूचना आढळते. बीएमडब्ल्यूच्या एम विभागाने २००० च्या सुमारास आणलेल्या एम३ चे इंजिन मिनिटाला ८००० फेऱ्यांपर्यंत जाई, पण पहिल्या २००० किलोमीटरसाठी ५५०० फेऱ्या आणि ताशी १७० किलोमीटर ही मर्यादा होती. या गाडीच्या फेरीमापकाच्या कडेवर लहान दिव्यांची रांग आहे; तेल थंड असताना दिवे बऱ्याच खालच्या फेऱ्यांपासून पेटलेले असतात आणि तेल तापू लागले की एकेक करून विझत मर्यादा वर सरकते, म्हणजे पुस्तिकेतील इशारा येथे चालकाच्या डोळ्यांसमोर आणून ठेवला आहे.

२००० किलोमीटर पूर्ण होताच या गाडीचे इंजिन-तेल बदलले जाई आणि त्याच वेळी मागच्या डिफरन्शियलचे तेलही काढले जाई. डिफरन्शियलमधील क्राउन व्हील आणि पिनियन या दातेरी चाकांची जोडी कारखान्यात घर्षक लावून एकत्र घासलेली असते आणि म्हणूनच ती नेहमी जोडीनेच बदलावी लागते. पण तिचे दात एकमेकांवर लोळण्याबरोबर लांबीच्या दिशेने घसरतही असल्याने पहिल्या काही प्रवासांत ते बरेच तापतात व बारीक धातूचा चुरा सोडतात. सिलिंडरची सफाई कारखान्याने बहुतांशी आपल्याकडे परत घेतली असली, तरी या दातांचे शेवटचे काम अजूनही रस्त्यावरच होते.