खिशातलं ब्राउनिंग

21 डिसेंबर 1909. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन आत आले आणि अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हातात होतं ब्राउनिंग पिस्तूल.

रिव्हॉल्व्हरचं फिरतं चक्र फुगीर असतं, ते कपड्यांतून उठून दिसतं. बेल्जियममध्ये तयार होणारं ब्राउनिंग मात्र चपटं. काडतुसं मुठीतच, एकाखाली एक. 1878च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणं बंद केलेल्या देशात हा चपटेपणाच मोलाचा ठरला, असं वाटतं.

लंडनहून सावरकरांनी अशी 20 पिस्तुलं भारतात येणाऱ्या चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर, पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली होती.

जॅक्सनच्या खुनाबद्दल 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे कटातले साथीदार कर्वे व देशपांडे फासावर गेले.